रिद्धपुरात ओडियाचा एक वर्ग हवा

मा. कुलगुरू,
मराठी भाषा विद्यापीठ,
रिद्धपूर, जि. अमरावती



मागणी आधीच सांगून टाकतो. आपल्या विद्यापीठात ओडिया शिकवली जावी, आणि ओडियातून थेट मराठीत ग्रंथ आणणारी चार-दोन माणसे तिथे तयार व्हावीत. मराठीच्या अभ्यासकाला संस्कृत, फारसी, कानडी लागते हे कोणाला पटवावे लागत नाही. ओडिया का, हे मात्र पटवावे लागते, म्हणून पत्र जरा लांबले आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. ओडियाला तो २०१४ मध्येच मिळाला होता. दोन्हीकडे तयारी सारखीच झाली. आपण नाणेघाट, गाथासप्तशती आणि श्रवणबेळगोळ पुढे केले. तिकडच्यांनी खारवेलाचा हाथीगुंफेतला लेख, उरजामचा १०५१ सालचा शिलालेख आणि चर्यापदे पुढे केली. या चर्यापदांवर बंगाली, असमिया आणि मैथिलीही हक्क सांगतात. हरप्रसाद शास्त्रींना ती १९०७ साली नेपाळ दरबाराच्या ग्रंथालयात सापडली आणि तेव्हापासून हा वारसाहक्काचा दावा चालूच आहे. मागधी अपभ्रंशाच्या घरातल्या या सगळ्या बहिणी असल्यामुळे निकाल लागण्याचे चिन्ह नाही. वयाच्या या चढाओढीत मला फारसा रस नाही. ओडियाचा इतिहास वाचताना एकच गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे भाषा जुनी आहे म्हणून ती वाचत नाही. १८७० साली ओडियाच्या पदरी चारशे वर्षांचे महाभारत होते, साडेतीनशे वर्षांचे भागवत होते, आणि तरीही ती स्वतःच्याच मुलखातल्या शाळांतून बाहेर काढली जाण्याच्या बेतात होती.

त्या महाभारताचा कर्ता सारळा दास. पंधराव्या शतकातला, गजपती कपिलेंद्रदेवाच्या काळातला, जातीने शेतकरी. स्वतःला तो शूद्रमुनी म्हणवतो. आपण शिकलेलो नाही, झंकडच्या सारळा देवीने सांगितले ते लिहिले, असे त्याचे म्हणणे. संस्कृतातले अठरा पर्वांचे महाभारत त्याने भाषांतरित केले असे म्हणणे चूक ठरेल. त्याने ते पुन्हा रचले. व्यासांना ठाऊक नसलेल्या कितीतरी कथा त्यात आहेत. त्यांतली नवगुंजराची कथा मला फार आवडते. अर्जुनासमोर रानात एक विचित्र प्राणी उभा राहतो: तोंड कोंबड्याचे, मान मोराची, वशिंड बैलाचे, कंबर सिंहाची, शेपूट सापाचे, पाय निरनिराळ्या जनावरांचे आणि वर उचललेला एक हात माणसाचा, त्यात कमळ. अर्जुन बाण लावतो, मग तो हात पाहतो आणि हा कृष्णच आहे हे ओळखून धनुष्य खाली ठेवतो. आपल्या सावंतवाडीसारख्याच ओडिशातही हाताने रंगवलेल्या गंजिफा आहेत आणि त्यांच्या पानांवर हा नवगुंजर बसलेला दिसतो. सारळा दासाचे वृत्त दांडी. ओळी लहानमोठ्या, शेवटी यमक, चाल बोलण्याची. ओवीवर वाढलेल्या कानाला ती परकी वाटणार नाही.

पुढच्या शतकात पंचसखा आले: बलराम, जगन्नाथ, अच्युतानंद, यशोवंत आणि अनंत, सगळेच दास. जगन्नाथ दासाने भागवत ओडियात आणले. आईला संस्कृत पुराण कळेना म्हणून त्याने ते केले, अशी कथा आहे. पुरीच्या पंडितांनी त्याला नाव ठेवले तेली भागवत, म्हणजे तेल्यातांबोळ्यांचे. एकनाथांच्या भागवतालाही काशीत अडवल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत, तेव्हा हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. नऊ अक्षरांची ओळ, पाठ व्हायला सोपी. गावोगाव भागवत टुंगी झाल्या, म्हणजे पोथी ठेवून संध्याकाळी वाचायची लहानशी घरे. ती पोथी वाचता यावी एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक अक्षरे शिकले. मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही तीच वाचली जाई. छापखाना येण्याआधी एवढे साक्षरतेचे काम दुसऱ्या कोणत्या ग्रंथाने केले असेल, तर मला तो ठाऊक नाही.

पोथी ताडपत्राची आणि लेखणी लोखंडी. आडवी शिरोरेषा ओढली तर पान तंतूंच्या दिशेने चिरते, म्हणून ती रेषा वाकून कमान झाली, असे ओडियाच्या गोल अक्षरांबद्दल सांगतात. नागरी वाचणाऱ्याला पहिल्या नजरेला ती सगळी सारखीच दिसतात. कमानीखाली पाहायची सवय झाली की ओळखीची अक्षरे हळूहळू बाहेर येतात. आणि त्यांत ळ आहे. बंगाली आणि प्रमाण हिंदी यांना ज्याचे वावडे, तो आपला ळ तिकडे भरपूर आहे. ते ‘उत्कळ’च म्हणतात आणि सारळा दासालाही ळच आहे.

बलराम दासाचे लक्ष्मीपुराण मात्र मी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सगळ्यांत आधी देईन. मार्गशीर्षातले गुरुवार. लक्ष्मी नगराच्या फेरीला निघते. मोठ्यांच्या घरी झोपा चालू आहेत. श्रिया नावाच्या चांडाळ बाईने मात्र अंगण सारवून तांदळाच्या पिठाची रांगोळी घातली आहे. लक्ष्मी तिच्या घरात जाते. थोरला दीर बलभद्र हे पाहतो आणि धाकट्या भावाला, म्हणजे साक्षात जगन्नाथाला, बायकोला घराबाहेर काढायला लावतो. ती जाते आणि जाताना घरातले सगळे अन्न नेते. दोघे भाऊ भिकेला लागतात, दारोदार फिरतात आणि अखेर तिच्याच दाराशी येतात. परत यायला ती अट घालते: पुरीत महाप्रसाद खाताना कोणी कोणाची जात विचारायची नाही. सोळाव्या शतकात हे लिहिले गेले आणि ओडिशातल्या बायका आजही दर मार्गशीर्ष गुरुवारी ते वाचतात. मार्गशीर्षातले महालक्ष्मीचे गुरुवार आपल्याकडेही घरोघर होतात, कहाणीचे छोटे पुस्तक दर वर्षी नव्याने विकले जाते. वार तोच, महिना तोच, देवी तीच. दोन्ही कहाण्या शेजारी ठेवून वाचायचा प्रकल्प एखाद्या विद्यार्थिनीने केला तर मला तिचा प्रबंध वाचायला आवडेल.

त्यानंतरच्या दीडदोनशे वर्षांवर मी घाईने जातो. उपेंद्र भंजाला ओडियात कविसम्राट म्हणतात. त्याच्या ‘वैदेहीश विळास’ची प्रत्येक ओळ एकाच अक्षराने सुरू होते. दीनकृष्ण दासाने ‘रसकल्लोळ’मध्ये तोच खेळ ‘क’वर केला. आपल्या मोरोपंतांना हे लोक आवडले असते. मला ते दमवतात. पण बळदेव रथाचे चंपू गायनात ऐकले की तक्रार मागे घ्यावी लागते, कारण ती रचना कानासाठीच आहे. याच काळातला सालबेग, मोगल अंमलदाराचा मुलगा. जगन्नाथाची त्याची भजने आजही गायली जातात आणि रथयात्रेत देवाचा रथ त्याच्या समाधीपाशी थांबतो.

आता आपल्याकडे येतो. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने ओडिशा नागपूरकर रघुजी भोसल्यांना सोडला आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तो आपल्या हातून इंग्रजांकडे गेला. बावन्न वर्षे कटकला मराठी सुभेदार होते. आपल्या शालेय इतिहासात या बावन्न वर्षांना एखादे वाक्य मिळाले तर नशीब. पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर जो अरुणस्तंभ आहे, तो मराठी अमलातच कोणार्कहून आणला, हे दर्शनाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंपैकी कितीजणांना ठाऊक असते? तिकडच्या आठवणीत मात्र आपण ठळक आहोत, आणि बऱ्याचदा बर्गी म्हणून, लुटारू घोडेस्वार म्हणून. १७८१ मध्ये चिमणाजी भोसल्यांच्या फौजेने ढेंकनाळवर चाल केली. तिथला राजा त्रिलोचन महेंद्र बहादूर लढला आणि त्याच्या दरबारी कवी ब्रजनाथ बडजेना याने त्यावर ‘समरतरंग’ हे काव्य लिहिले. ओडियातल्या वीरकाव्यांत त्याचे स्थान मोठे आहे. पोवाड्यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना एकदा आपणच शत्रू असलेले वीरकाव्य वाचायला काय हरकत आहे? पुढे फकीरमोहन सेनापतींनीही ‘लछमा’ कादंबरीत हाच बर्ग्यांचा काळ घेतला. नागपूरकर भोसल्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास विदर्भात बराच झाला आहे. त्या कागदांच्या दुसऱ्या बाजूचा मजकूर ओडियात आहे.

इंग्रजांनी ओडिया मुलूख तुकड्यांत ठेवला: कटक-पुरी-बालेश्वर बंगाल इलाख्यात, गंजाम मद्रासकडे, संबलपूर पुढे मध्य प्रांतात. सरकारी सारा वेळेवर न भरलेल्या जमिनदाऱ्यांचे लिलाव कलकत्त्यात होत आणि त्या तिकडच्याच लोकांकडे जात. कचेऱ्यांत आणि शाळांतही माणसे तिकडचीच. १८६६ मध्ये नअंक दुष्काळ पडला. पुरीच्या गजपती राजाच्या कारकिर्दीच्या नवव्या अंकवर्षातला, म्हणून नअंक. सुमारे दहा लाख माणसे मेली. तांदूळ मागवायला उशीर झाला, आणि पावसाळा लागल्यावर बोटी किनाऱ्याला लागेनात. आपले म्हणणे कलकत्त्यापर्यंत पोहोचवणारे वर्तमानपत्रसुद्धा या लोकांकडे नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कटकहून ‘उत्कळ दीपिका’ निघाले. संपादक गौरीशंकर राय. त्यांचे घराणे मूळचे बंगाली, हे लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

दोन वर्षांनी राजेंद्रलाल मित्र कटकला आले. मोठा विद्वान माणूस, ओडिशाच्या प्राचीन शिल्पांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनी भाषणात सुचवले की इतक्या थोड्या लोकांसाठी वेगळी क्रमिक पुस्तके काढणे परवडणारे नाही, बंगालीच चालवावी. १८७० मध्ये बालेश्वरच्या शाळेतले एक शिक्षक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी पुस्तिकाच छापली आणि तिच्या नावातच सांगून टाकले की ओडिया ही स्वतंत्र भाषा नाही. वाद व्याकरणाचा दिसत असला तरी त्याच्या तळाशी पाठ्यपुस्तकांचा बाजार आणि शिक्षकांच्या नोकऱ्या होत्या. पुस्तके नाहीत म्हणून भाषा शिकवायची नाही आणि शिकवत नाही म्हणून पुस्तके नाहीत, असा तो पेच. आपल्याकडे हल्ली पटसंख्येचे कारण सांगून मराठी शाळा मिटवल्या जातात तेव्हा मला कटकचे ते भाषण आठवते. परवडण्याचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या भाषेबद्दल मांडला जातो.

उत्तर तीन ठिकाणांहून आले. बालेश्वरचे कलेक्टर जॉन बीम्स भाषाशास्त्री होते. आर्य भाषांचे तौलनिक व्याकरण त्यांनी याच काळात लिहायला घेतले होते आणि ओडियाचे वेगळेपण त्यांनी व्याकरणाने दाखवले. कमिशनर रेव्हेनशॉ यांनी शाळांत ओडिया ठेवायचा पक्ष घेतला. दुष्काळात याच माणसाच्या ढिलाईने लोक मेले अशी त्यांच्यावर टीका झाली होती, आणि आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ कटकला आहे. इतिहास असा सरळ वागत नाही.

तिसरे उत्तर स्थानिक माणसांचे, आणि माझ्या मते खरे कामाचे तेच. फकीरमोहन सेनापती, जन्म १८४३, बालेश्वरचे. आईबाप लहानपणीच गेले. मूळ नाव ब्रजमोहन. पोर वाचावे म्हणून आजीने पिराला नवस केला आणि नाव फकीरमोहन झाले. शाळा जेमतेम. बंदरात गलबतांच्या शिडांच्या कामावर पोरवयात राबले. मग मास्तर झाले, १८६८ मध्ये बालेश्वरला छापखाना काढला आणि शाळेची पुस्तके लिहायला बसले, कारण पुस्तके नाहीत हाच तर समोरच्यांचा मुद्दा होता. शाळाखात्यात निरीक्षक असलेले राधानाथ राय त्यांच्या जोडीला. त्यांचेही घराणे मूळचे बंगाली. तिसरे मधुसूदन राव. रावांचे पूर्वज मराठे, भोसल्यांच्या अमदानीत ओडिशात राहून गेलेल्यांपैकी. ओडिया मुलांनी ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या बाराखडी गिरवली ते ‘वर्णबोध’ या मधुसूदन रावांचे. आपल्या घोडेस्वारांनी तिकडे काय नेले याचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूला हे पुस्तक घालायला मी कचरणार नाही. भाषा वाचवणाऱ्या पहिल्या फळीत दोन माणसे बंगाली घराण्यांतली होती आणि एक मराठी घराण्यातला. भूमिपुत्र कोण, असा प्रश्न ज्यांना फार पडतो त्यांनी कटकला जाऊन विचारावा.

मोठे साहित्य आले ते या शाळेच्या पुस्तकांनंतर. फकीरमोहनांची ‘छ माण आठ गुंठ’ ही कादंबरी १८९७ पासून ‘उत्कळ साहित्य’ मासिकात क्रमशः आली, टोपणनावाने. सावकार-जमीनदार रामचंद्र मंगराज एका विणकर जोडप्याची सहा एकरांहून थोडी जास्त जमीन आणि त्यांची गाय गिळतो, एवढीच गोष्ट. पण सांगणारा निवेदक असा कावेबाज, की तो मंगराजाची स्तुती करत करत त्याला सोलतो आणि कंपनी सरकारच्या कोर्टालाही सोडत नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपटे त्याच दशकात मध्यमवर्गाच्या माजघरात शिरले होते. फकीरमोहन शेताच्या बांधावर उभे होते. मी ही कादंबरी इंग्रजीतून वाचली. वाचताना सतत वाटत राहिले की हा माणूस मराठीत जास्त हसवेल, कारण तलाठी, सावकार आणि कोर्ट यांचे बोलणे आपल्याकडे तयारच आहे. १८९८ ची ‘रेवती’ ही त्यांची कथा शिकू पाहणाऱ्या मुलीची आहे; पटकीत घर उजाडते आणि आजी सारा दोष नातीच्या शिकण्याला देते.

संबलपूरचे प्रकरण तर थेट आपल्या दाराशी येते. १८९५ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने, म्हणजे नागपुरातून चालणाऱ्या कारभाराने, संबलपुरात ओडिया काढून कचेऱ्यांत हिंदी आणायचा हुकूम काढला. सोय कारभाराची. बरगडजवळच्या बरपालीतले विणकर कवी गंगाधर मेहेर यांनी भाषेच्या बाजूने कविता लिहिल्या, लोकांनी अर्ज केले, हुकूम काही वर्षांनी मागे घ्यावा लागला आणि १९०५ मध्ये संबलपूर ओडिया विभागाला जोडले गेले. मधुसूदन दासांचे उत्कळ संमेलन १९०३ चे. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा वेगळा प्रांत झाला, भाषेच्या आधारावर झालेला पहिला. आपला मंगल कलश १९६० चा.

पुढचे आपण जाणताच. गोपालचंद्र प्रहराजांचा ‘पूर्णचंद्र ओडिया भाषाकोश’ १९३१ ते १९४० या काळात सात खंडांत आला. दाते-कर्वे आपला महाराष्ट्र शब्दकोश त्याच दशकात छापत होते. गोपीनाथ महांती सरकारी अधिकारी म्हणून कोरापुटच्या डोंगरांत फिरले आणि ‘परजा’, ‘अमृतर संतान’ या आदिवासींच्या कादंबऱ्या घेऊन आले. ज्ञानपीठे दोन्ही भाषांची चार-चार आहेत, हे मी केवळ बरोबरी आवडणाऱ्यांसाठी सांगतो. ओडियालाही आता स्वतःच्या घरात एक प्रश्न ऐकावा लागतो आहे. संबलपुरी-कोसली ही वेगळी भाषा आहे असे पश्चिम ओडिशातले लोक म्हणतात. हलधर नाग तिच्यातच लिहितात आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. एकेकाळी ‘तुमची भाषा वेगळी नाही’ हे ऐकलेल्या भाषेने आता तेच वाक्य दुसऱ्याला ऐकवावे की नाही, यावर तिकडे वाद आहे. मेळघाटातली कोरकू आपल्या विद्यापीठापासून फार लांब नाही, म्हणून हा वाद आपणही लक्षपूर्वक ऐकायला हवा.

हे काम पुणे-मुंबईऐवजी रिद्धपुरानेच करावे, असे मला का वाटते तेही सांगतो. गोविंदप्रभूंचे गाव, म्हाइंभटांनी लीळाचरित्र जिथे सिद्ध केले ते गाव. पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत लिहायचे, हा निर्णय तिथे तेराव्या शतकात झाला. भीमा भोई या एकोणिसाव्या शतकातल्या कंध कवीचे महिमा धर्मातले काव्य, मूर्ती नाकारणारे आणि जात नाकारणारे, महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाइतके नीट दुसरा कोण वाचील?

ओडिशातही भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आहे, सत्यवादीला, पुरीजवळ. गोपबंधु दासांनी १९०९ मध्ये झाडांखाली शाळा भरवली ते हे ठिकाण. या दोन विद्यापीठांनी एकमेकांशी करार करावा. त्यांचा एक अध्यापक दोन वर्षे रिद्धपूरला, आपला एक सत्यवादीला. पहिल्या वर्षी लिपी आणि फकीरमोहनांचे आत्मचरित्र, दुसऱ्या वर्षी लक्ष्मीपुराण, आणि तयारी झाली की ‘समरतरंग’, भोसल्यांच्या कागदपत्रांसह संपादित. भाषांतर थेट ओडियातून. मध्ये हिंदी-इंग्रजीचा दलाल नको. त्यांनाही लीळाचरित्र आणि तुकाराम थेट मराठीतून मिळावेत.

विद्यार्थी पहिल्या वर्षी पाचसहाच येतील. चालेल. अध्यापक शक्यतो पश्चिम ओडिशातला निवडावा. संबलपूरचा माणूस दोन्ही बाजूंचे वाद जाणतो, आणि प्रवासही सोपा. संबलपूरजवळचे झारसुगुडा मुंबई-हावडा मार्गावरच आहे, बडनेऱ्यापर्यंत गाडी बदलावी लागत नाही.

आपला,
विदर्भातला एक वाचक